वेबसाइटवरचा मराठी मथळा का तुटतो?

प्रश्न : आंधळगावच्या आमच्या कोसा साड्यांची वेबसाइट केली. मराठी मथळे तुटक दिसतात, वेलांट्या वरच्या ओळीला भिडतात. काय करावे?
– एक वाचक, ता. मोहाडी, जि. भंडारा

उत्तर : दोष बहुधा इंग्रजीसाठी बनलेल्या टेम्प्लेटचा आहे. त्यातले 'लेटर-स्पेसिंग' आधी शून्य करा. अक्षरांतले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि तशी मराठी मला तरी वाचवत नाही. 'लाइन-हाइट' १.६ ते १.७ ठेवा, आपल्या मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली जागा मागतात. भर द्यायला तिरपे नको, ठळक अक्षर वापरा. 'नोटो सान्स देवनागरी' हा मोफत फाँट घ्या आणि कोडमध्ये पानाची भाषा मराठी नोंदवा, म्हणजे ल, श मराठी वळणाचे उमटतील. साडीचे नाव फोटोत मात्र कोरू नका, टाइपच करा. गुगलवर शोधणाऱ्याला ते सहज सापडेल.