अंगावरचे लाल ठिपके : दाबून पाहा

अंगावर लाल ठिपके दिसले की आपल्याकडे एकच निदान ठरलेले असते – 'उष्णता'! मग सब्जा, गुलकंद सुरू होतो. मुकुंदवाडीतील माझ्या दवाखान्यात असे रुग्ण नेहमी येतात. बहुतेकांचे ठिपके निरुपद्रवी असतात. काहींचे मात्र त्याच दिवशी तपासावे लागतात. हा फरक ओळखण्याची एक सोपी रीत आहे.

पारदर्शक काचेचा पेला ठिपक्यावर दाबून काचेतून पाहा. लाली नाहीशी झाली, तर रक्त वाहिन्यांच्या आतच आहे. घामोळ्या, अंगावर उठलेले पित्त, ढेकूण-पिसवांचे चावे, औषधाची अॅलर्जी यांत बहुधा असेच होते. लाली तशीच राहिली, तर रक्त वाहिनीबाहेर कातडीत झिरपले आहे. असे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे, सपाट असतात, खाजत नाहीत आणि बहुधा पायांवर आधी दिसतात. सावळ्या वर्णावर ते चटकन कळत नाहीत. म्हणून पापणीची आतली बाजू आणि टाळूही पाहावी. चाळिशीच्या सुमारास छाती-पोटावर येणारे लालचुटूक तीळही दाबून पूर्ण जात नाहीत. पण ते वर्षानुवर्षे तसेच राहतात, त्यांची भीती नको.

रक्त झिरपण्याची कारणे अनेक. जोराच्या खोकल्याने किंवा उलट्यांनी चेहऱ्यावर थोडे ठिपके येतात व विरतात. लहान मुलांत सर्दी-तापानंतर काही वेळा शरीरच स्वतःच्या प्लेटलेट पेशी नष्ट करू लागते. बहुतेक मुले काही महिन्यांत बरी होतात, पण देखरेख हवीच. पायांवर व कुल्ल्यांवर उंचवट्याचे ठिपके, सोबत सांधे आणि पोट दुखत असेल, तर लघवीही तपासावी. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. क्वचित रक्ताचा कर्करोगही असतो.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्या भागात आधी आठवावा तो डेंग्यू. प्लेटलेटचे प्रमाण साधारण दीड ते साडेचार लाख असते. डेंग्यूत ते झपाट्याने उतरू शकते. ताप उतरला म्हणजे बरे वाटले, असे समजू नका. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच धोक्याचे असतात. लाली दाबल्यावर गेली, तरी ताप असेल तर दाखवावेच.

अशा वेळी अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नये. तापाला पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात पुरते. "डॉक्टर, एक सुई द्याच" हा आग्रहही सोडा. प्लेटलेट कमी असताना दंडात किंवा कमरेत दिलेल्या सुईने आत रक्त साकळते.

हिरड्यांतून वा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, गुंगी, थंडगार हातपाय, ताप आणि मान आखडणे – यांपैकी काहीही असल्यास रात्र असली तरी थांबू नका. घाटी रुग्णालय किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा.

आणि पाण्याचे ड्रम, हौद, कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून मोठे व्हायला आठ-दहा दिवसच लागतात.