शंभरातली एक

आर्वी, जि. वर्धा

चि. मृण्मयी,


परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, इथं माझ्यासारख्या शंभर जणी आहेत." आहेतच. तालुक्यात पहिली आलेली पोर सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात गेली, की शेजारच्या बाकावरही कुठल्यातरी तालुक्याची पहिलीच बसलेली असते. तू तीच, मेहनतही तीच. वर्ग तेवढा बदलला. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८७च्या निबंधात हेच दाखवलं: सारख्या कुवतीचं मूल हुशारांच्या शाळेत पडलं की स्वतःला कमी लेखू लागतं. छोट्या तळ्यातला मोठा मासा, असं त्याने या प्रकाराला नावच देऊन टाकलंय. तेव्हा फिजिऑलॉजीच्या एका टेस्टवरून स्वतःला 'ढ' ठरवायची घाई नको.

आरशासमोर 'मी ग्रेट आहे' म्हणायला लावणाऱ्या रील्सवर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा मॉरिस रोझेनबर्गची प्रश्नावली बघ. १९६५ची, अवघी दहा विधानं, आत्मसन्मान मोजायला आजही जगभर वापरतात. तीत टक्के कुठेच विचारलेले नाहीत. निदान इतरांइतकं तरी आपलं मोल आहे असं वाटतं का, हे मात्र विचारलंय. इतरांइतकं हं, इतरांपेक्षा जास्त नव्हे!

पहिल्याच वर्षी तुम्हाला पंधरवडाभर गांधीजींच्या आश्रमात ठेवलं, ते तुला वेळ घालवणं वाटलं. तिथली परचुरे कुटी पाहिलीस का? परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित, पण कुष्ठरोग जडला आणि लोकांनी दूर लोटलं. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, स्वतःच्या हातांनी मालिश केलं. मनोहरजी दिवाण तर १९३६पासूनच वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. तुझं कॉलेज या मातीत उभं आहे, आणि तू तिथे मेरिट लिस्ट उशाशी घेऊन झोपतेस!

आता तुमची बॅच एक गाव दत्तक घेईल, तुझ्या वाट्याला चार-पाच घरं येतील. तिथली आजी तुला रँक विचारणार नाही. बीपीची गोळी ती मधेच का सोडते, हे तू नीट ऐकून घेतलंस की तिचं काम झालं. त्या घरांना वारंवार जा. नोंदवही भरायला सगळेच जातात, तू गप्पा मारायला जा. शेजारचीला किती गुण पडले, याची तिथे आठवणही होणार नाही.

आणि एक. जेवण जात नसेल, दोन आठवडे झोप उडाली असेल, तर रूममेटला सांग आणि आपल्याच दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात जा. रांगेत ओळखीचं कुणी भेटेल अशी लाज वाटली, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे. डॉक्टर होणाऱ्या पोरीने डॉक्टरकडे जायला लाजावं, हे काही मला पटत नाही बाप्पा.

दिवाळीला ये. मेसच्या वरणाला हव्या तितक्या शिव्या दे, ऐकून घेईन. टेस्टचं मात्र मी दादाला सांगितलेलं नाही. ते तूच सांग, तो रागावणार नाही.

तुझी,
आत्या