तीन लाखांत किराणा दुकान

कराडजवळच्या गावातल्या एका वाचकाला किराणा दुकान टाकायचं आहे. घरात आजवर कुणी धंदा केलेला नाही. साठवलेले ३ लाख सगळे मालात घालावेत का, असा त्याचा प्रश्न.

मुळीच नको. फळ्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून नवखा दुकानदार भरमसाट माल उचलतो आणि महिनाअखेरीला भाड्यासाठी गल्ला उघडतो, तर आत चिल्लर! साधारण निम्मी रक्कम मालाला पुरे. बाकीची भाडं, फ्रीज, वीजबिल आणि उधारीसाठी राखावी. गावात उधारी चुकत नाही. वही मात्र रोजच्या रोज लिहावी.

साखर-तेलावर फारसं सुटत नाही, पण गिऱ्हाईक येतं त्यासाठीच. ते काउंटरशी उभं असताना पाव किलो शेंगदाणे, शंभर ग्रॅम जिरं, अर्धी वाटी खोबरं जातं. नफा तिथे.

राधाकिशन दमाणींनी २००२ मध्ये पवईत डीमार्टचं पहिलं दुकान उघडलं. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून भाव कमी करून घेण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. छोट्यानेही घाऊक व्यापाऱ्याकडे रोखीची सूट मागावी, लाजू नये.

कागदपत्रांचा बाऊ नको. नोकर मोजकेच असतील, तर २०१७ च्या दुकाने कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते. अन्न सुरक्षा नोंदणी हवीच. वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. पाटीवर मराठी आधी. आणि काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे ना, ते जुना काटा घेतानाच बघावं.