चिकणमातीवरचं डांबर

प्रश्न : डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरउतारावर आमचं घर आहे. फाटकापासून गॅरेजपर्यंतचा डांबरी रस्ता दोन हिवाळ्यांतच उखडला. जमीन चिकणमातीची. आता डांबर किती जाड टाकावं?

उत्तर : डांबर ३ इंच पुरे, खरं दुखणं खाली आहे. कोलोरॅडोच्या त्या पट्ट्यातल्या मातीत बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइट असतं. पाणी मुरलं की ती फुगते, वाळली की आकसते. वर थंडी : पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. सर्वांत वाईट काळ वसंताचा. वरची माती वितळलेली, खालची अजून गोठलेली. पाण्याला वाटच नसते. नेमका तेव्हा जड ट्रक आत आला की चाकोऱ्या पडतात आणि मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं उमटतं.

म्हणून जुन्यावरच नवा थर ओढून देतो म्हणणाऱ्या कंत्राटदाराला चहा पाजून परत पाठवा. सगळं उकरून मातीवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, म्हणजे चिखल खडीत घुसणार नाही. त्यावर १० ते १२ इंच फोडलेली खडी, थराथराने दाबून. नदीतले गोल गोटे नकोत, रोलरखाली सरकतात. आडवा उतार २ टक्के ठेवा आणि छपराच्या पन्हळीचं पाणी रस्त्यापासून लांब सोडा. काम सप्टेंबरच्या आत उरका. थंडीत डांबर दबण्याआधीच निवतं.