धूर परत फिरविणारी झडप : जुन्या डिझेल मोटारीच्या दोषाचें निदान

मोटारींत कांहीं बिघाड झाला म्हणजे आपण बहुधा दोनच मार्ग जाणतों : गाडी गॅरेजांत नेऊन मेकॅनिक सांगेल तितके पैसे मोजणें, किंवा दोष तसाच अंगावर काढणें. याशिवाय तिसरा एक मार्ग आहे, व तो म्हणजे प्रथम विचार करणें. शास्त्राच्या तासाला जें शिकविलें जातें तें केवळ परीक्षेपुरतें नसतें, हें विद्यार्थ्यांस पटवून देण्यास घरच्या जुन्या डिझेल मोटारीइतकें सोयीचें उदाहरण क्वचितच सांपडेल. म्हणून अशा मोटारीच्या एका लहानशा, परंतु पुष्कळ त्रास देणाऱ्या भागाचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. गॅरेजांत या भागास ई. जी. आर. व्हॉल्व्ह म्हणतात. आम्ही त्यास धूर परत फिरविणारी झडप म्हणूं.

झडपेचें प्रयोजन. हवेंत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. नेहमींच्या उष्णतेंत हे दोन वायु शेजारीं शेजारीं नांदतात, पण त्यांचा संयोग होत नाहीं. डिझेल इंजिनांत मात्र हवा जोरानें दाबली जाऊन अतिशय तापते. तींत डिझेलचे तुषार सोडतांच ते आपोआप पेट घेतात. आणि ज्वालेच्या अत्युष्ण भागांत त्या दोन वायूंचा संयोग होऊन नायट्रोजनचीं ऑक्साइडें तयार होतात. हीं ऑक्साइडें श्वसनमार्गास अपायकारक असून, उन्हाच्या योगानें त्यांपासून जमिनीलगत ओझोन वायूही उत्पन्न होतो. तीं कमी करावयाचीं तर ज्वालेची कमाल उष्णता कमी केली पाहिजे. त्यासाठीं एकदां जळून गेलेल्या वायूचा कांहीं भाग सायलेन्सरकडे जाऊं न देतां पुनः इंजिनाच्या हवेंत मिसळतात. या वायूंत ऑक्सिजन कमी असतो, व त्यांतील कार्बन डाय-ऑक्साइड आणि वाफ हीं उष्णता शोषून घेतात. निखाऱ्यांवर थोडी राख ओढली असतां आंच मंदावते, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. युरोपांत डिझेल मोटारींसाठीं या ऑक्साइडांची मर्यादा २००० सालीं दर किलोमीटरास ०.५० ग्रॅम होती. ती २००५ सालीं ०.२५ ग्रॅमवर आणण्यांत आली. यावरून या झडपेवर केवढी भिस्त ठेविली गेली हें ध्यानांत येईल.

रचना. आपल्या मराठवाड्यांतील शेंद्रा येथील कारखान्यांत स्कोडा ऑक्टाव्हिया ही गाडी जुळविली जात असे. तिच्यांतील १.९ लिटर डिझेल इंजिनाची झडप निर्वाताच्या बळावर उघडते. इंजिनावर एक लहान पंप असतो. तो नळींतील हवा ओढून घेतो, व हाच पंप ब्रेकलाही साहाय्य करतो. झडपेच्या माथ्यावर रबरी पडदा असून नळींतील हवा ओढली गेली म्हणजे पडदा वर उचलला जातो व झडप उघडते. हवा परत आली कीं स्प्रिंग तिला बंद करते. पंप आणि झडप यांच्या मध्यें विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो, व त्यास हुकूम देणारा असतो इंजिनाचा संगणक. आंत किती हवा आली हें मोजणारा सेन्सर संगणकास वर्दी देतो. जळका वायु आंत आला कीं ताजी हवा तितकी कमी येते. त्यावरून झडप किती उघडली याचा अदमास संगणक बांधतो. इंजिन संथ किंवा मध्यम भारानें चालत असतां झडप उघडावी, व पूर्ण जोर लावतांना ती बंद राहावी, असा नियम आहे.

दोषांचें मूळ. जळक्या वायूंत काजळी असते, आणि इंजिनाच्या खालच्या भागांतून येणाऱ्या हवेंत तेलाची वाफ असते. हीं दोन्हीं एकत्र झालीं म्हणजे चिकट काळा थर बनतो. गाडी नेहमीं थोड्या अंतरापुरती व हळू चालविली तर हा थर लवकर सांचतो. मग झडप एक तर उघडी अडकते, नाहीं तर बंद अडकते. उघडी अडकली असतां चढावर गाडी दम टाकते, काळा धूर ओकते, उभी असतां थरथरते व कधीं बंदही पडते. बंद अडकली असतां चालकास फारसें कांहीं जाणवत नाहीं. अपाय होतो तो रस्त्यावरील इतर लोकांस. म्हणूनच हा दुसरा दोष अधिक फसवा समजावा.

निदानाची रीत. स्वस्त व सोपी कसोटी आधीं, खर्चाची कसोटी मागाहून, हा पहिला नियम होय.

पहिली पायरी : एअर फिल्टर घाण झाला आहे काय, व टर्बोपासून इंजिनाकडे जाणारी नळी फाटली आहे काय, हें पाहावें. इंजिनास हवा कमी पडली तरीही काळा धूर येतो, व निष्कारण दोष झडपेवर ठेविला जातो.

दुसरी पायरी : इंजिन गरम झाल्यावर, गाडी उभी असतां, झडपेच्या माथ्यावरील बारीक नळी काढून तिचें तोंड बोटानें बंद करावें. धूर व थरथर नाहींशी झाली तर झडप नीट मिटते असें ठरतें. दोष तिला नको तेव्हां उघडणाऱ्या सोलेनॉइडांत किंवा सेन्सरांत शोधावा. कांहींच फरक पडला नाहीं तर झडप काजळीनें उघडी अडकली असावी, अथवा दोष अन्यत्र असावा.

तिसरी पायरी : हातपंपानें झडपेस निर्वात द्यावा. इंजिन अडखळूं लागलें किंवा बंद पडलें तर झडप उघडते व तिचा मार्गही मोकळा आहे. पंपाचा कांटा लगेच खालीं आला तर रबरी पडदा फाटला आहे. कांटा स्थिर राहून इंजिनावर कांहींच परिणाम झाला नाहीं तर झडप घट्ट बसली आहे किंवा मार्ग काजळीनें बुजला आहे.

चौथी पायरी : गाडी अशक्त झाली, पण धूर मुळींच नाहीं, असें असेल तर हवा मोजणाऱ्या सेन्सरचा संशय घ्यावा. तो खरी हवा कमी दाखवूं लागला म्हणजे संगणक धूर होऊं नये म्हणून डिझेलच कमी सोडतो.

स्कॅनर लावला असतां पी ०४०१ असा संकेत कधीं कधीं येतो. त्याचा अर्थ परत फिरणारा वायु अपेक्षेपेक्षां कमी आहे, एवढाच होतो. झडप नवी घाला, असें तो सांगत नाहीं. ताप आला हें थर्मामीटर सांगतो. ताप कशानें आला हें वैद्यानें शोधावयाचें असतें. आमच्या परिचयाच्या एका पालकांस घाटांत धूर येतो म्हणून टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला होता. वरील रीतीनें पाहतां झडप उघडी अडकल्याचें दिसून आलें. ती साफ करून व नवें पॅकिंग घालून काम भागलें, आणि टर्बो जेथल्या तेथें राहिला.

सफाई. इंजिन थंड झाल्यावरच झडप काढावी व तिचा काळा थर कार्बन काढण्याच्या द्रावणानें मऊ करून ब्रशानें खरवडावा. रबरी पडद्यास द्रावण लागूं देऊं नये; खपल्या इंजिनाच्या तोंडांत पडूं देऊं नयेत. चालू इंजिनाच्या हवेच्या मार्गांत द्रावण फवारणें धोक्याचें असतें, कारण डिझेल इंजिन त्यासच इंधन समजून आवरेनासें होऊं शकतें. बंद खोलींत इंजिन चालवूं नये. डिझेलच्या धुरानें मनुष्यास कर्करोग होतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे. मुलांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीशिवाय करूं नये, हें सांगणें नकोच.

एक प्रश्न सचोटीचा. झडप वारंवार बुजते म्हणून पुष्कळ जण मध्यें पत्र्याची प्लेट घालून तो मार्गच कायमचा बंद करतात. काजळी सांचत नाहीं, गाडी चलाख वाटते, आणि पी. यू. सी. तपासणींतही ती उत्तीर्ण होते. कारण डिझेल गाडीच्या त्या तपासणींत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचीं ऑक्साइडें मोजीत नाहींत. म्हणजे परीक्षक पाहत नाहीं तेवढाच प्रश्न चुकविला, असें झालें. फोक्सवॅगन कंपनीनें तपासणीच्या वेळीं एक व रस्त्यावर दुसरें वर्तन करणारी योजना आपल्या डिझेल गाड्यांत घातली होती, हें २०१५ सालीं उघडकीस आलें व सर्व जगांत तिची नाचक्की झाली. प्लेट घालणारा मालक तेंच लहान प्रमाणावर करीत असतो. न दिसणारा वायु शेवटीं कोणाच्या तरी छातींत जातोच, आणि शाळेच्या फाटकापाशीं उभ्या असलेल्या मुलांची तोंडें गाडीच्या नळकांड्यापासून फार उंचावर नसतात.

तेव्हां पालकांनीं मेकॅनिकास "काय बदलायचें?" असें विचारण्यापूर्वीं "कशावरून?" असें विचारावें, आणि मुलांनीं त्या उत्तराकडे कान द्यावा. कारणावांचून कार्य होत नाहीं, हें सूत्र वर्गांत पाठ करणें सोपें आहे. बॉनेट उघडून, एक एक कारण वगळीत, खऱ्या कारणापर्यंत जाऊन पोहोंचणें हें त्याचें खरें अध्ययन होय.