रचनाविचार आणि युवकांचे मनोगुण

नवी वस्तू घडविण्याची बुद्धी ही जन्मजात देणगी असून ती मोजक्यांनाच लाभते, असा समज सर्वत्र रूढ आहे. बोरगावसारख्या गावी या समजाची किंमत फार मोठी आहे. पांढुर्णा जिल्ह्याच्या सौसर तालुक्यातील या गावी औद्योगिक क्षेत्र असून भोवताली कापूस व संत्री पिकविणारा प्रदेश आहे. आखणी शहराने करावी आणि येथील युवकाने केवळ ती राबवावी, असे गृहीत धरले तर त्याची कल्पकता वाया जाईल.

‘डिझाईन थिंकिंग’ म्हणजे रचनाविचार. वापरणाऱ्याची अडचण प्रत्यक्ष जाणून घेणे, प्रश्न नेमका मांडणे, अनेक उपाय सुचविणे, कच्चा नमुना करणे व तो वापरून सुधारणे, हे त्याचे टप्पे होत. समानुभूती, नव्या अनुभवांविषयी उत्सुकता, अनिश्चितता सोसण्याची तयारी आणि स्वतःच्या कर्तृत्वावरील विश्वास हे मनोगुण त्यास पोषक मानले जातात. यांपैकी अखेरच्या गुणाचे विवेचन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये केले. हा विश्वास उपदेशापेक्षा स्वतः काम तडीस नेल्याच्या अनुभवाने अधिक वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

१८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. रंगांधळेपणामुळे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील चित्रकलेचे शिक्षण सोडून ते यांत्रिक रेखनाकडे वळले. पुढे बेळगावी त्यांनी लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे प्रारंभी गिऱ्हाईक मिळेना. त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या भरभराटीत या नांगराचा मोठा वाटा आहे. वस्तू चांगली असून भागत नाही, वापरणाऱ्याच्या मनातील शंकाही जाणावी लागते, हा धडा त्यातून मिळतो.

गुण व यश यांचा संबंध आढळला म्हणजे एक दुसऱ्याचे कारण ठरते, असे मात्र नव्हे. म्हणून युवकांची चाचणी घेऊन त्यांना हुशार वा मठ्ठ ठरविणे अनुचित होय. त्याऐवजी त्यांना काम द्यावे. उदाहरणार्थ, संत्र्यांना कमी मार लागेल अशी पेटी तयार करावयाची असल्यास कागदावर रेघ ओढण्यापूर्वी फळे तोडणाऱ्या, भरणाऱ्या व वाहणाऱ्या माणसांची भेट घ्यावी. पुठ्ठ्याचा नमुना करावा, तो त्यांच्या हाती द्यावा आणि फसल्यास दुसरा करावा. फसलेल्या नमुन्यास गुण कापू नयेत. त्यातून काय उमगले ते विचारावे.

असे २-४ नमुने हातून घडले की “हे आपले काम नव्हे” हा समज आपोआप गळून पडू लागतो.