अडगळीतील जुना ट्रक पुनर्बांधणीसाठी विकताना घ्यावयाची काळजी



बागायती भागातील अनेक वस्त्यांवर गोठ्याच्या मागे किंवा बाभळीखाली एखादा जुना ट्रक, जीप अथवा टेम्पो वर्षानुवर्षे उभा असलेला दिसतो. कधी काळी याच गाडीतून ऊस कारखान्यावर गेला, कांद्याच्या गोण्या बाजार समितीत पोचल्या आणि घरातले वऱ्हाडही निघाले. पुढे इंजिन जाम झाले, नवी गाडी आली आणि जुनीच्या हौद्यात कोंबड्या बसू लागल्या. मग एके दिवशी भंगारवाला येतो, डोळ्यांनीच वजन ठरवितो आणि संध्याकाळपर्यंत गाडीचे तुकडे करून घेऊन जातो.

अशी गाडी मोडीत घालण्यापूर्वी थोडा विचार करणे फायद्याचे ठरते. जुन्या गाड्या विकत घेऊन त्या पुन्हा मूळ रूपात आणणारे हौशी लोक आज आपल्या राज्यातही आहेत. त्यांना गाडी चालू स्थितीतच हवी असते असे नाही. ती पुरी असावी, तिची माहिती खरी असावी आणि कागदपत्रे सरळ असावीत, एवढी त्यांची अपेक्षा असते. या तीन गोष्टी विकणाऱ्याच्या हातात आहेत. त्या कशा साधाव्यात आणि विक्रीनंतर अंगाशी येणारे प्रसंग कसे टाळावेत, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

गाडी कोणती ते निश्चित करा

आपल्याकडील जुन्या गाड्यांना इतिहास आहे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक तयार होत. टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे ट्रक बांधण्यास सुरुवात केली. हा करार १९६९ साली संपला. त्यामुळे दर्शनी जाळीवर मर्सिडीजचा तारा असलेला टाटा ट्रक साधारणपणे त्या पंधरा वर्षांतला असतो. महिंद्र कंपनीने १९४७ सालापासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. बजाज टेम्पो कंपनीच्या तीनचाकी गाडीमुळे तर 'टेम्पो' हा शब्दच मराठीत रुळला.

आपल्या गाडीचा कारखाना, नमुना आणि नोंदणीचे वर्ष आरसी बुकावरून पाहून लिहून ठेवावे. कंपनीची धातूची पट्टी बोनेटखाली किंवा केबिनमध्ये रिबिटांनी बसविलेली असते. ती काढू नये. चेसिस क्रमांक चेसिसच्या लांब पट्टीवर ठोकलेला असतो. त्यावरील चिकटलेले वंगण व माती रॉकेल आणि मऊ ब्रशने हळुवार काढावी. तेथे ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नये. अंक झिजले की गाडीची ओळखच संशयास्पद ठरते. अंकावर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा आणि तो आरसी बुकातील क्रमांकाशी ताडून पाहावा.

इंजिनाचा क्रमांकही असाच पडताळावा. त्या काळी अनेक फार्गो ट्रक व जीपगाड्यांतील पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसविले गेले. हा बदल आरसी बुकात नोंदविलेला आहे किंवा नाही, हे आधीच पाहावे. मूळ इंजिन शेडमध्ये पडलेले असेल तर ते गाडीसोबतच ठेवावे. घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी असते.

धुऊन-रंगवून सजवू नका

बैल बाजारात नेताना आपण शिंगे रंगवितो. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र हे उलटे आहे. वरून रंगाचा हात दिला की खालचा गंज झाकला जातो आणि जाणकार माणूस लगेच सावध होतो. गाडी पाण्याने धुऊन, आतील केरकचरा काढून जशी आहे तशी ठेवावी.

आपल्याकडे कारखान्यातून बहुधा चेसिस आणि पुढचा भागच येई. केबिन व लाकडी हौदा गावोगावचे कारागीर बांधीत. त्यामुळे हौद्यावरील जुनी अक्षरे, 'पब्लिक कॅरियर'ची पाटी, गावाचे नाव, पेंटरची नक्षी ही सारी त्या गाडीची ओळख असते. ती पुसू नये.

सुटे भाग शोधून एकत्र करावेत. दर्शनी जाळी, नाममुद्रा, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, डॅशबोर्डवरील घड्याळे, मूळ स्टिअरिंग चाक, जॅक, हॅन्डल, हत्यारपेटी असे भाग आज मिळणे कठीण असते. बुश, पिन यांसारखे भाग लेथवर करून घेता येतात, पण जाळी आणि घड्याळे तशी होत नाहीत. एखादा ओळखीचा माणूस 'एवढा दिवा देता का' म्हणून आला, तर त्यास नम्रपणे नकार द्यावा. एकेक भाग गेला की उरते ते भंगारच.

विक्री होईपर्यंत चेसिसखाली भक्कम लाकडी ठोकळे लावून टायरवरील भार कमी करावा. वर पत्रा किंवा ताडपत्री असावी, पण हवा खेळती राहावी. गाडीत अथवा तिच्या शेजारी रासायनिक खतांची पोती रचू नयेत. खत ओलावा धरून ठेवते आणि पत्रा झपाट्याने गंजतो.

इंजिनाची प्राथमिक तपासणी

बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी लावून लगेच स्टार्टर मारू नये, तसेच ट्रॅक्टरने ओढून चालू करण्याचा प्रयत्नही करू नये. सिलिंडरमध्ये गंज धरला असेल तर रिंगा तुटतात आणि दुरुस्त होण्याजोगे इंजिन कायमचे निकामी होते. अनुभवी मिस्त्रीकडून पुढीलप्रमाणे तपासणी करून घ्यावी.

१) गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना ओट लावावी. स्पार्क प्लग, डिझेल इंजिन असल्यास इंजेक्टर, काढावेत.

२) प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल व इंजिन ऑईल यांचे मिश्रण सोडून तीन-चार दिवस मुरू द्यावे.

३) त्यानंतर हॅन्डलने किंवा क्रँक पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हलकेच फिरवून पाहावे. फिरले तर 'इंजिन हाताने फिरते' असे लिहावे. न फिरल्यास जोर न लावता 'इंजिन जाम आहे' असे लिहावे.

जाम इंजिन असले म्हणून गाडी विकली जात नाही असे नाही. मात्र 'किरकोळ काम आहे, बॅटरी टाकली की सुरू होईल' असे सांगून विकलेली गाडी भांडण होऊन परत दारात येते.

तपासणी करताना आधी काठीने ठोकून साप-विंचू नसल्याची खात्री करावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. जुन्या ट्रकच्या रिंग असलेल्या चाकांत हवा भरू नये. गंजलेली रिंग सुटून उडाल्यास जीवघेणा अपघात होतो. ब्रेक ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते.

किंमत कशी ठरवावी

प्रथम तळाची किंमत काढावी. आरसी बुकात गाडीचे रिकामे वजन दिलेले असते. त्यातून लाकूड, टायर इत्यादींचे वजन वजा करून उरलेल्या लोखंडास त्या दिवशीच्या भंगाराच्या दराने गुणावे. समजा, लोखंड २,५०० किलो भरते आणि दर किलोला ३० रुपये आहे, तर तळाची किंमत ७५,००० रुपये झाली. याखाली उतरण्याचे कारण नाही.

नंतर वरची मर्यादा पाहावी. समजा, तशीच दुरुस्त केलेली चालू गाडी सहा लाखांस जाते आणि दुरुस्तीस चार लाख लागतात. उरलेल्या दोन लाखांत घेणाऱ्याची वाहतूक, त्याचे श्रम आणि न दिसलेल्या दोषांची जोखीम बसवावी लागते. म्हणजे व्यवहार सव्वा ते दीड लाखाच्या आसपास होऊ शकतो. हे आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून दिले आहेत. आपल्या गाडीसाठी किमान दोन मिस्त्री व दोन खरेदीदार यांच्याशी बोलून स्वतःचे आकडे मांडावेत.

माहितीचे टाचण

खरेदीदारास देण्यासाठी एका कागदावर स्पष्ट टाचण तयार करावे. नमुना पुढीलप्रमाणे :

'टाटा-मर्सिडीज-बेंझ मालट्रक, नोंदणी १९६७. सुरुवातीपासून आमच्याच कुटुंबाकडे. २००३ पासून उभा. इंजिन मूळचे, हाताने फिरते, चालू करून पाहिलेले नाही. गिअरबॉक्स तपासलेला नाही. केबिनचा तळ दोन ठिकाणी कुजला आहे. डावा दिवा नाही. हौदा १९८५ साली नवा बांधला. आरसी बुक मूळ असून माझ्या नावावर आहे. विमा व योग्यता प्रमाणपत्र नाही. गाडी चालवीत नेता येणार नाही.'

सोबत चारही बाजूंनी, केबिनमधून, बोनेट उघडून आणि खालून काढलेली छायाचित्रे द्यावीत. गंजलेल्या व मोडलेल्या भागांची छायाचित्रे अवश्य द्यावीत. मोबाईलवरून अनोळखी माणसास आरसी बुकाचे पूर्ण छायाचित्र पाठवू नये. पैसे स्वीकारण्यासाठी आपला गुप्त पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कागदपत्रांची पूर्तता

अनेक ठिकाणी गाडी अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरच असते. अशा वेळी आधी वारसाने नमुना ३१ मध्ये आरटीओकडे अर्ज करून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी. आरसी बुक हरवले असल्यास नमुना २६ मध्ये दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नोंदलेला असेल तर कर्जफेडीचा दाखला व नमुना ३५ देऊन तो उतरवावा. कर्ज देणारी संस्था बंद पडली असल्यास तिच्या अवसायकाकडे चौकशी करावी. वाहन वापरात नसल्याची सूचना वेळेवर दिलेली नसेल तर कराची थकबाकी साचलेली असू शकते. फार जुनी नोंद 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेली नसेल तर ती आधी चढवून घ्यावी लागते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठेवण्यात आली आणि अशा वाहनाचा व्यापारी वापर करता येत नाही. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या ट्रकास हा लाभ मिळेलच असे गृहीत धरू नये. 'व्हिंटेज नंबर मिळेल' अशी हमी विकणाऱ्याने देऊ नये. ती चौकशी खरेदीदाराने आरटीओत करावी.

कोऱ्या फॉर्मवर सही नको

सर्वांत मोठी चूक येथेच होते. पैसे हातात पडले की नमुना २९ व ३० च्या कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या जातात आणि गाडी जाते. घेणारा ती आणखी कोणास विकतो, तो तिसऱ्यास. आरसी बुकात नाव मात्र आपलेच राहते. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजीच्या निकालात हाच प्रश्न तपासला. त्या प्रकरणातील वाहन एकामागून एक अनेक हातांत गेले होते आणि त्याने अपघात झाला. नोंदणीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे ठरवून भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवण्यात आली. उद्या दुसऱ्या जिल्ह्यात आपण विकलेल्या ट्रकाखाली कोणी सापडले, तर नोटीस आपल्या घरी येऊ शकते. लाखभर रुपयांच्या सौद्यापायी जमीन विकण्याची पाळी येऊ नये.

म्हणून फॉर्म पूर्ण भरल्यावरच सही करावी. खरेदीदाराच्या ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची प्रत घ्यावी. त्याच राज्यातील विक्री असल्यास १४ दिवसांच्या आत नमुना २९ मधील सूचना स्वतः आरटीओस द्यावी आणि पोच जपून ठेवावी. विसार, उरलेली रक्कम, ताबा दिल्याची तारीख व वेळ आणि 'आहे त्या स्थितीत' हे शब्द पावतीत लिहावेत. दोन लाख रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेऊ नये, त्यास आयकर कायद्याची मनाई आहे. शक्यतो नाव बदलल्याची खात्री झाल्यावरच गाडी हलवू द्यावी. विमा व योग्यता प्रमाणपत्र नसलेली गाडी दोराने ओढत रस्त्यावर नेऊ न देता दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी.

गाडी दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर ती शासनमान्य वाहन मोडणी केंद्रात देऊन जमा प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओकडील नोंदणी रद्द करून घ्यावी. गावातल्या भंगारवाल्यास तशीच दिल्यास कागदोपत्री ती गाडी आपल्या नावावर जिवंत राहते.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

* सुटे भाग विकू नयेत. सर्व भाग गाडीसोबत ठेवावेत.
* रंग देऊ नये, चेसिस क्रमांक घासू नये.
* दोष आधी सांगावेत, न तपासलेले तसे लिहावे.
* भंगाराचा दर काढूनच सौद्यास बसावे.
* कोऱ्या फॉर्मवर सही करू नये.
* आरसी बुकातील नाव बदलले म्हणजेच विक्री पूर्ण झाली असे समजावे.

ज्या गाडीने एका पिढीचा माल वाहिला, ती योग्य माणसाच्या हाती जाऊन पुन्हा रस्त्यावर येणे ही समाधानाची बाब आहे. त्यासाठी आठवडाभर कागद शोधावे लागले आणि आरटीओत दोन खेपा पडल्या, तरी ते श्रम वाया जाणार नाहीत.